गेलेल्या वेलींची भिंत

नारायणदादा गेल्याची बातमी मला कापसाच्या गाडीवरून आली. अमरावतीच्या ज्या वखारीत मी मापारी आहे, तिच्या दारात त्या सकाळी गाड्यांची रांग लागली होती. आमच्या गावचा एक गाडीवान खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि आधी त्यानं भाव विचारला. मी सांगितला. त्यानं तोंड वाकडं केलं, बैलांपुढं कडबा टाकला आणि मग आठवल्यासारखं म्हणाला, "तुमचे नारायणदादा गेले ना परवा. तुमाले सांगा म्हनलं होतं घरच्यायनं." भाव आधी, माणूस मागून. त्या गाडीवानाचा मला राग आला नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस विलायतेला हवाहवासा झाला, तेव्हापासून इथं प्रत्येक गोष्ट कापसाच्या मागूनच येत होती. आता ती लढाई संपून भाव कोसळला तरी सवय काही मोडलेली नाही. मी त्याची गाडी तोलली, पुढचीही तोलली, आणि मग गंजीच्या मागे जाऊन बसलो. तिथं मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता दादाचा भयंकर रागही आला. तो राग अजून गेलेला नाही. हे लिहायला बसलो आहे तोही त्याच रागानं.

दादा माझा चुलतभाऊ. माझे वडील मी लहान असतानाच वारले, तेव्हा मला वाढवलं ते त्यानं आणि रखमावहिनीनं. अंजनगावहून अकोटकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. आम्ही बारी, विड्याच्या पानाची वेल लावायची, जगवायची आणि तिची पानं अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या बाजारात न्यायची, हा आमचा पिढीजात धंदा. पान खाणाऱ्यांना पानमळा आतून कसा असतो हे बहुधा ठाऊक नसतं. बाहेर वैशाखाचं ऊन भाजत असावं आणि कुडाच्या दारातून आत पाऊल टाकताच अंगावर ओला गारवा यावा, शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत वेलींच्या ओळी उभ्या, मधून पाण्याचे पाट, आणि बोलायचं तेही हलक्या आवाजात. आमच्या मळ्याला चारी बाजूंनी दाट कुड होता आणि दार एकच होतं, उगवतीकडे. दाराशी नागोबाचा दगड. वहाणा बाहेर काढायच्या, दगडाला हात लावायचा आणि मग आत जायचं. घरचा असो, गिऱ्हाईक असो, सगळ्यांना हाच कायदा. दादाच्या आधी त्याच्या वडिलांनी तो पाळला होता, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी.

मळ्याच्या मधोमध मातीची एक खोली होती. तिच्या पडवीतल्या भिंतीवर आमच्या मळ्याचं चित्र असे, आणि घरात त्याला नुसतं 'भिंत' म्हणत. पावसाळा संपला की वहिनी ती भिंत पांढऱ्या मातीनं... नव्हे, तांबड्या मातीनं सारवून घेई, म्हणजे चुना उठून दिसे. मग बोरूनं ओळींच्या रेघा ओढायच्या. दादा ओळीत शिरे, एकेका वेलीपाशी थांबे, आणि जिथं वेल मेलेली असेल किंवा जागा रिकामी पडली असेल तिथून आवाज देई, "गेली." वहिनी भिंतीवर त्या जागी चुन्याचं बोट टेकवी. मेली असं म्हणायचं नाही, गेली म्हणायचं. आणि तेही हळू म्हणायचं, कारण शेजारच्या वेली ऐकतात. त्याच्या हळू म्हणण्यापायी वहिनीला कान टवकारून उभं राहावं लागे, मध्येच ती वैतागून विचारी, "गेली म्हनलं का हाय म्हनलं?" दादा परत एकदा तितक्याच हळू म्हणे, "गेली." शेवटी तिनं त्याच्या पाठीवरून ओळखायला शिकून घेतलं. तो जरासा वाकला की ती चुन्यात बोट बुडवी.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारील. डोळ्यांना दिसत नाही का कुठली वेल मेली ते? तर नाही दिसत. पानवेलीला मर लागते. आज हिरवीगार दिसणारी वेल चार दिवसांत मान टाकते आणि मुळं कुजतात. मेलेली वेल लगेच काढून कुडाबाहेर जाळायची, माती उपसायची, जागेला ऊन दाखवायचं आणि मग तिथं नवी कांडी लावायची. नवी कांडी पहिल्या वर्षी इतकी तरारून वर चढते की बघणाऱ्यानं भुलावं. पण मर मातीत दबा धरून असते. आज ना उद्या ती नव्या वेलीलाही धरते, आणि पाटाच्या पाण्यानं पुढच्या वेलीकडे जाते. म्हणून जिथं मर येऊन गेली तिथला ठिपका दादा नव्या भिंतीवरही जुन्यावरून उतरवून घेई. मळा तजेलदार दिसला तरी भिंत खरं सांगे. दाराकडच्या अर्ध्या भागात दादाच्या वडिलांनी लावलेल्या ओळी होत्या. त्या वेलींचे बुंधे रापलेले, पानं थोडी लहान, दिसायला थकलेल्या, पण भिंतीवर त्या भागात फारसा चुना नव्हता. मावळतीकडचा अर्धा भाग दिसायला नवरीसारखा आणि भिंतीवर देवी आल्यासारखा.

दादाला संत करण्याचा माझा विचार नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची पद्धत आहे, पण त्याला ते आवडलं नसतं आणि मला ते जमणार नाही. तो हट्टी होता. रुसायचा. त्याचं रुसणं म्हणजे तोंडाला कुलूप. एकदा अकोल्याचा एक पानवाला व्यापारी बोलता बोलता वहाणांसकट आत शिरला. दादा त्याला एक शब्द बोलला नाही. त्यानं मोकळ्या टोपल्या परत दिल्या आणि पाठ फिरवली. व्यापाऱ्याला कळेच ना आपलं काय चुकलं. मग तो चार बाजार फिरकला नाही, खुडलेली पानं पिवळी पडली, आणि वहिनीनं ती म्हशीपुढं टाकली तर म्हशीनंही तोंड फिरवलं. "एवढं म्हनले असते की बापा, वहाना काढ, तर जीभ झिजली असती का?" वहिनी म्हणाली. दादा म्हणाला, "त्याले दिसत नव्हत्या का आपल्या वहाना, दारात काढलेल्या?" त्याचं म्हणणं असंच असायचं. जे समोर दिसतं ते सांगावं लागलं तर सांगण्यात अर्थ काय? त्या वेळी वहिनी आणि मी हसलो होतो. आज हसू येत नाही.

मग कापसाचे दिवस आले. त्याचं वर्णन मी करत बसत नाही, तुम्हीही ते पाहिलं आहे. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्वारीची वावरं मोडली, आमराया तुटल्या, जिथं तिथं कापसाची पऱ्हाटी. दादाचा धाकटा सख्खा भाऊ सखाराम मळ्यात फारसा रमला नव्हता. त्याला गाडीबैलांचा नाद. दुसऱ्यांचा कापूस तो अमरावतीला आणून घालायचा आणि इथं माझ्याकडे मुक्कामाला असायचा. वाईट माणूस नव्हे तो. पण परक्यांच्या गाड्या तोलताना त्याचे डोळे कसे व्हायचे ते मी पाहिलं आहे. एके दिवशी त्यानं दादापुढं विषय काढला. मळा दोघांचा, पाणी दोघांचं, मग पानांत काय ठेवलंय, मळा मोडून कापूस लावू. दादा गप्प. पंधरवडाभर गप्प. अखेर मला गावी बोलावलं गेलं आणि माझ्यासमोर ठरलं ते असं: मळा अर्धा ठेवायचा, अर्धा मोडायचा. मरीनं खाल्लेला अर्धा सखारामनं घ्यावा आणि तिथं कापूस करावा, निरोगी अर्धा दादानं राखावा. दोघांचंही पोट भरेल, भावाभावांत वाकडं यायचं नाही. कुठला अर्धा, ते भिंत सांगेल. मला त्या वेळी वाटलं, किती शहाणी माणसं आहेत ही.

गाड्या आत नेता याव्यात म्हणून सखारामनं गाडीरस्त्याच्या अंगाचा, मावळतीकडचा कुड तोडून नवी वाट पाडली. इथंच बिनसलं. त्याच्या दृष्टीनं ती नुसती वाट होती. दादाच्या दृष्टीनं मळ्याचं अंग उघडं पडलं होतं, नागोबाच्या दगडाला पाठ दाखवून माणसं वहाणांसकट आत येत होती. त्यानं भांडण केलं नाही. त्यानं मळ्यात पाऊल टाकायचं सोडलं. जुन्या दाराबाहेर आमची विहीर आहे. मोटेचं पाणी पडतं त्या तिच्या थारोळ्याच्या काठावर तो जाऊन बसू लागला, आणि मोट हाकायच्या वेळेला मोट हाकू लागला. वहिनी त्या दिवसांत अकोल्याला बहिणीच्या मुलीच्या लग्नात होती. कापसाच्या पैशांतली लग्नं ती. आठ-आठ दिवस पंगती उठत.

मळा मोडायचा दिवस आला तेव्हा सखाराम मजूर घेऊन नव्या वाटेनं आत आला. खोलीच्या पडवीत उभं राहून त्यानं भिंत पाहिली. भिंतीवरच्या रेघांचं खालचं टोक म्हणजे दार, हे आमच्या घरात कोणी कोणाला कधी सांगितलंच नव्हतं, कारण दार एकच होतं. दारातून आत आलेला माणूस भिंत आपोआप नीट वाचायचा. पण सखारामचं दार आता मावळतीला होतं. त्यानं खालचं टोक आपल्या वाटेकडचं धरलं, आणि वरचा सगळा चुना पडला तो जुन्या दाराकडे, वडिलांच्या ओळींवर. मग त्यानं डोळ्यांनीही खात्री करून घेतली. इकडे कोवळ्या हिरव्यागार वेली, तिकडे रापलेले, थकलेले बुंधे. भिंत आणि डोळे दोन्ही एकच सांगत होते. कुऱ्हाडी-कुदळी जुन्या ओळींवर पडल्या. सकाळी काम सुरू झालं ते ऊन उतरेपर्यंत चाललं, आणि मजूर ओळीमागून ओळ उपटत विहिरीकडेच सरकत आले. विहिरीवर दादा बसलेला होता.

वहिनी लग्नाहून परतली ती गाडीतून उतरून तशीच मळ्यात गेली. तिनं काय केलं ते गावातल्या बायकांनी मला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पडवीत गेली, भिंतीपाशी उभी राहिली, मग दाराकडे पाहिलं, मग नव्या वाटेकडे पाहिलं, आणि खाली बसली. राखलेल्या अर्ध्या मळ्याचं जे व्हायचं तेच झालं. पावसाळ्यात मर उठली आणि पाटाच्या पाण्याबरोबर ओळीच्या ओळी घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिथंही पऱ्हाटी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी भाव कोसळला.

मी दादाला शेवटचं भेटलो ते गेल्या दिवाळीत. खोकल्यानं तो खंगला होता. थारोळ्यातून पाणी वाहत नव्हतं, तरी बसायला तो तिथंच जायचा. मी जाऊन शेजारी बसलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू इथंच होता. इथून सारं दिसते."

"दिसते," तो म्हणाला.

"मग कावून नाई बोलला? एक शब्द. उलटं करून राहिला तू सखाराम, एवढंच."

तो थारोळ्यातला वाळका पाचोळा उचलून बाहेर टाकू लागला. मला वाटलं, नेहमीचं कुलूप पडलं. मग म्हणाला, "मले वाटलं, पयली ओळ झाली की तो थांबीन. मंग वाटलं, बाबाच्या हातची ओळ तरी तो वळखीन. बाबानं त्याले खांद्यावर घेऊन लावली ते ओळ." खोकला आला, तो ओसरेपर्यंत मी वाट पाहिली. "मी म्हनलं, पाहू त... वळखते का. पाहता पाहता ऊन उतरलं."

मी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि आतून नुसता पेटलो होतो. मळा मोडला कापसानं, भावानं, उलट्या वाचलेल्या भिंतीनं, हे सगळं खरं. पण विहिरीवर बसून आपल्या भावाची परीक्षा घेणारा आणि त्या परीक्षेत वडिलांची ओळन् ओळ जाऊ देणारा हा माणूसही त्यात होता. पुढं तीन पावसाळे त्यानं स्वतःला खाल्लं आणि वहिनीला उपाशी ठेवलं. मी त्याला हे तोंडावर म्हणालो नाही. आजारी माणसाला काय म्हणायचं. आता म्हणतो आहे, तर ऐकायला तो नाही.

तेराव्याला मी गावी गेलो. सखाराम पंगतीत वाढत होता. केस काढलेलं डोकं, वाकलेला, एकाएकी म्हातारा दिसायला लागलेला. जेवणं आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "माधव," तो म्हणाला, "सारं गाव मले दोष देते. देऊ दे. पन दादा तिथं बसून होता. त्यानं एक डाव हात वर केला असता त मी थांबलो असतो. मले कोनी सांगतलंच नाई ना." मी या माणसावर चिडायचं ठरवून गेलो होतो. पण तो म्हणत होता ते तंतोतंत माझंच म्हणणं होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकवेना. मी तिथून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, मळ्यात येता का?" मी वहाणा घातल्या आणि तिच्यामागं निघालो. कुड तर केव्हाच जळणात गेलेला. सगळीकडून मोकळं वावर, वाळलेली पऱ्हाटी उभी, बोंडांतला राहिलेला कापूस वेचायलाही कोणी आलेलं नव्हतं. त्या उघड्या वावराच्या कडेला जुन्या दाराची चौकट मात्र तशीच उभी होती, दोन्हीकडे काहीही नसलेली. गावातली माणसं तिच्या बाजूनं जातात. वहिनी चौकटीपाशी थांबली, वहाणा काढल्या, दगडाला हात लावला आणि चौकटीतून आत गेली. मीही तसंच केलं. मातीत पऱ्हाटीचे खुंट होते, पायाला टोचत होते.

खोलीचं छप्पर एका अंगानं बसलं आहे, पण पडवीतली भिंत शाबूत आहे. दादाच्या शेवटच्या मोजणीची. मावळतीकडे चुनाच चुना, आणि खाली, दाराच्या अंगाला, तांबडी मोकळी माती. जिथं ठिपका नाही तिथं वेल जिवंत. तो सगळा मोकळा भाग माझ्या डोळ्यांपुढं हिरवा झाला. वहिनीनं पदराखालून चुन्याची वाटी काढली. "त्यायनं मंग भिंत केलीच नाई," ती म्हणाली. "म्यां किती डाव म्हनलं. अर्धी भिंत सोडून गेले. अर्धी ठेवू नाई, भाऊजी. तुमी ओळीत जा, आवाज द्या. मी ठिपके देतो."

मी गेलो. ओळी कुठल्या, वेली कुठल्या? पण लहानपणापासून पायांत बसलेली वाट होती. पांगाऱ्याचे जुने खुंट अजून मातीत होते, त्यांच्यावरून जागा कळत गेल्या. दादाच्या वडिलांच्या पहिल्या ओळीपाशी, पहिल्या जागी मी उभा राहिलो आणि पडवीकडे तोंड करून म्हणालो, "गेली." वहिनीनं चुन्यात बोट बुडवलं. पुढच्या जागी सरकलो. "गेली." मग पुढची. माझा आवाज चढत चालला होता, ते मला कळत होतं, आणि मी तो चढू देत होतो. मोकळ्या वावरात तो थेट विहिरीपर्यंत जात असणार. कोणाला ऐकवायचं होतं मला, सखारामला, गावाला, का त्या थारोळ्याच्या काठाला, कोण जाणे. "गेली! गेली!"

वहिनीचं बोट भिंतीपाशी थबकलं. तिनं वळून पाहिलं.

"मोठ्यानं नका म्हनू, भाऊजी," ती म्हणाली. "बाकीच्या आयकतात."

बाकीच्यांतली एकही उरली नव्हती. मी आवाज खाली आणला, पुढच्या जागेपाशी जाऊन जरासा वाकलो, आणि हळूच म्हणालो.